वाळूतली बारावी बाटली

भूकंप झाला त्या पहाटे नानाकाका निलंग्याकडे मित्राच्या गावी होता. तिसऱ्या दिवशी बाबा त्याचा चष्मा घेऊन परत आले. लातुरात आमचं घर उभं होतं. मागच्या पडवीत, दगडी डोणीत, वाळूत पुरलेल्या बारा बाटल्या होत्या. मी त्या मोजल्या. एकही फुटली नव्हती.

गेल्या महिन्यात आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर ताई नांदेडला परतली आणि मी घर आवरायला मागे राहिले. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली, त्यामुळे घरात आवरायचं म्हणजे आईचंच. साड्या, डबे, औषधांच्या चिठ्ठ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत गेले तेव्हा डोणी दिसली. वाळू वरून कोरडी पडली होती. मी हात घातला. मनगटापर्यंत गेल्यावर खाली थोडा ओलावा लागला, आणि हात बाहेर काढून नाकाशी नेला तर भिजल्या तरटाचा वास आला. तो तिथे असणं शक्य नव्हतं, कितीतरी वर्षं त्या वाळूत काही पुरलेलं नाही. पण आला.

तरटाचा वास म्हणजे काकाची सुरुवात. काका बाबांचा धाकटा भाऊ, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. लग्न केलं नाही, गच्चीवरच्या खोलीत राहायचा. तरुणपणी हैदराबादला शिकायला गेला आणि शिक्षण अर्धं टाकून आला, पण येताना एक विद्या घेऊन आला. सिकंदराबादला ज्या म्हाताऱ्या बाईंकडे तो खोली घेऊन राहायचा, त्या दर नाताळाला घरच्यांपुरती बिअर घरीच करायच्या. तिथे जव आणि कसलीशी कडू फुलं लागायची. लातुरात दोन्ही नव्हतं. काकाने त्याचा फारसा विचार केला नाही. "ज्वारीच्या मुलखात राहतो अन् जव कुठं हुडकू?" म्हणाला.

तर मालदांडी ज्वारी. रात्री भिजत घालायची, सकाळी ओल्या तरटावर पसरायची, वरून दुसरं तरट. दिवसातून तीनदा पाणी शिंपडून हाताने उलटीपालटी करायची. ते काम माझं. दुसऱ्या दिवशी दाण्यांना पांढरं टोक फुटायचं, चौथ्या दिवशी नखाएवढा मोड. मग गच्चीवर उन्हात वाळवण. वाळल्यावर दोन्ही तळव्यांत चोळून मोड झाडून टाकायचे, एकही राहू द्यायचा नाही, ते पोटात गेलेले चांगले नाहीत असं काका बजावायचा. नंतर मंद आचेवर कढईत परतणं. तेव्हा साऱ्या गल्लीत हुरड्याचा वास सुटायचा, भर श्रावणात, आणि येणारेजाणारे माना वर करून बघायचे.

गिरणीत जाडसर भरडून आणलं की ते गरम पाण्यात भिजवून पंच्यावर गाळायचं. त्या पाण्याला आम्ही गोडं पाणी म्हणायचो. मला आणि ताईला ह्यातलं एक एक फुलपात्र मिळायचं, कारण यापुढच्या अवस्थेत आमचा वाटा नव्हता. दाट, तपकिरी, गुळासारखं नाही आणि उसासारखंही नाही, ज्वारीच्या पोटात एवढी साखर कुठे लपलेली असते हे तेव्हा कळायचं. मग त्यात आलं आणि काडेचिराईत घालून उकळायचं. काष्टौषधीच्या दुकानातल्या त्या काड्या इतक्या कडू की नुसत्या हाताळल्या तरी जेवताना बोटांना कडवटपणा राहायचा. सिकंदराबादच्या कडू फुलांची जागा त्यांनी भरून काढली होती.

निवल्यावर विरजण. आधीच्या खेपेच्या बाटलीत तळाशी बसलेला साका त्यात ओतायचा, चिनी मातीच्या बरणीवर फडकं बांधायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून बरणी बोलायला लागायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "नानाभावजी, तुमचं ते फसफसणारं माझ्या देवघरापासून लांब ठिवा."

"बिअर म्हणा वहिनी. नाव घेतल्यानं पाप लागत न्हाई."

"नावानं न्हाई लागत. पिऊन लागतं."

"मग तुमी नुसतं नाव घ्या."

आईने कधी थेंब चाखला नाही. पण बरणीवरचं फडकं सैल झालं असेल तर जाता जाता घट्ट करून जायची. हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायचं वय नव्हतं.

बाटल्या आणि बुचं बसवायचं हातयंत्र रशीदचाचांचं. गंजगोलाईच्या मागे त्यांचं सोड्याचं दुकान होतं, वडिलांच्या काळापासूनचं. ते स्वतः असल्या पेयाला शिवत नसत, पण बूच वाकडं बसलेलं त्यांना बघवत नसे. काका यंत्र न्यायला गेला की ते सोबत यायचे, भरलेल्या बाटल्यांकडे पाठ करून बसायचे आणि आवाजावरून सांगायचे, "नाना, ये वाला ढीला है. फिरसे बिठा."

"चाचा, न बघता कसं कळतंय तुमाला?" काका विचारायचा.

"चालीस साल से बूच सुन रा हूँ मैं. अंदर क्या है वो तुम जानो, बूच की इज्जत मेरी है."

भरलेल्या बाटल्या डोणीतल्या ओल्या वाळूत, गळ्यापर्यंत. लातूरच्या उन्हाळ्यात त्या तिथेच थंड राहायच्या.

काकाचे दोन नियम होते. एक म्हणजे समारंभाच्या दिवशी बाटली उघडायची नाही. "समारंभ लोकांचा, दुसरा दिवस आपला." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरलं की गच्चीवर घरची आणि जवळची माणसं, स्टीलचे पेले, भाजलेले शेंगदाणे. दुसरा नियम शेवटच्या बाटलीचा. काका प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायचा आणि तिच्यावर समारंभाचं नाव लिहायचा. दादाची, म्हणजे बाबांची, बढती. ताई पास. एका खेपेच्या साऱ्या बाटल्यांवर 'छोटीचा चष्मा' असं लिहिलं होतं. मी सहावीत होते, वर्गात पहिल्यांदा चष्मा लावून जावं लागलं म्हणून दोन दिवस रडले, तर काकाने सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की घरात त्याच्यानंतर दुसरा चष्मा आला ही साजरी करायची गोष्ट आहे. पण शेवटच्या बाटलीवर समारंभाचं नाव कधीच नसायचं. तिच्यावर फक्त 'पुढचं' असं लिहिलेलं असायचं. ती कोणी मागितली तरी उघडायची नाही, पाहुण्यांचे पेले रिकामे असले तरी नाही. तिचा साका पुढच्या खेपेचं विरजण. त्यामुळे आमच्या घरात एक समारंभ संपायच्या आधीच पुढचा कबूल झालेला असायचा, फक्त कसला ते ठरायचं असे.

भूकंपाच्या वर्षी भाद्रपदात भरलेल्या बाटल्यांवर 'ताईचा साखरपुडा' असं होतं. मुलगा नांदेडचा, दसऱ्यानंतरची तारीख. अकरा बाटल्यांवर साखरपुडा. बारावीवर पुढचं.

भूकंपानंतरच्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. महिनाभर गल्ली रस्त्यावर झोपली. ताडपत्र्या, कंदील, फिनाईलचा वास, दक्षिणेकडे जाणारे ट्रक. जमीन मधूनच हलायची आणि भांडी वाजायची.  काकाचा चष्मा बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवला होता, एक काडी नसलेला.

चौदाव्या दिवशी सकाळी ते पडवीत गेले. डोणीतली एकेक बाटली काढून त्यांनी मोरीजवळ मांडली, काकाच्याच बूच काढायच्या पान्याने उघडली आणि ओतली. मी दारात उभी होते. प्रत्येक बूच उडाल्यावर तोच आवाज यायचा जो आम्ही गच्चीवर टाळ्या वाजवून ऐकायचो. फेस मोरीतून गटारीत, गटारीतून गल्लीत गेला. दोन दिवस गल्लीला वास होता.

"अकराच हाईत," बाबा म्हणाले. "बारावी कुठाय?"

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "फुटली आसंल भूकंपात."

मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी अभ्यासाचं पुस्तक उघडलं.

चार दिवसांनी आईने डोणीतल्या वाळूत शेणखत कालवलं आणि धने पेरले. तिथे सकाळचं ऊन यायचं. रोज उठल्याबरोबर ती तांब्याने पाणी घालायची, कोथिंबीर उगवायच्या आधी आणि काढून झाल्यावरही. कोथिंबीर दुबळीच यायची, उन्हाळ्यात तर पिवळी पडायची, पण आई पेरत राहिली. बाबा ती वरणावर घालून जेवायचे. काकाचं नाव ते घेत नव्हते, आणि ते घेत नव्हते म्हणून आम्हीही नाही. ताईचं लग्न पुढे गेलं. नांदेडकरांनी वाट बघितली.

त्याच काळात आमची गल्ली बदलत गेली. मी दहावी होऊन अकरावीत गेले तोवर समोरच्या दोन घरांवर क्लासचे फलक लागले होते, फलकांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, हार घातलेले. पहाटे साडेपाचला सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या. देवणी, चाकूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून मुलं यायची, ट्रंका घेऊन. आईने पुढची खोली चार मुलींना दिली. ज्या गच्चीवर मोड आलेली ज्वारी वाळायची तिथे आता त्या चौघी फेऱ्या मारत पाठांतर करायच्या. मीही त्यांच्यासोबत साडेसहाच्या तासाला जायचे. शहर निकालांचं झालं होतं. आमच्या घरात मात्र दीड वर्ष काही साजरं झालं नव्हतं.

फाल्गुनात लग्नाची तारीख धरली, वैशाखातली. त्या दुपारी आई पडवीत बसून कोथिंबीर उपटत होती. मुळासकट सगळी. मग हात कोपरापर्यंत वाळूत घालून तिने बाटली काढली, पदराने पुसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. चिठ्ठीची शाई पसरली होती. तरी वाचता येत होतं.

"तुला येतं का ते सगळं?" आईने विचारलं.

"बगितलंय मी. पण येतं म्हणजे..."

"मी बी बगितलंय. दोघी मिळून आठवू."

"हे जिवंत नसलं तर? दीड वर्ष झालं आई."

"रोज पाणी घातलंय मी."

 ओल्या वाळूने बाटली गार राहिली असेल, पण आतल्या साक्याला आईचं पाणी कसं पोचणार, हे मी तिला सांगितलं नाही. शास्त्र मला तिच्यापेक्षा जास्त येत होतं, पण तो साका मेलेला निघू नये असं तिला माझ्यापेक्षा जास्त वाटत होतं. तो मेला असता तर काकाच्या हातचं जगात काही उरलं नसतं. दुसरं विरजण कुठून आणता आलं असतं, पण ते काकाचं नसतं.

ज्वारी भिजवली. मोड आले. आईला माझ्यापेक्षा बारीक बारीक गोष्टी ठाऊक होत्या: तरट आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, आल्याची साल ठेवायची, काडेचिराईत चिमूटभर आणि नंतर घालायचं. सारी वर्षं नाव ठेवत ठेवत तिने सगळं पाठ केलं होतं.

चूक माझी झाली. गोडं पाणी उतरवलं आणि तासाला उशीर होत होता. साडेसहा वाजता दार बंद व्हायचं, मग आत घेत नसत. मी बरणीला हात लावला, कोमटच आहे असं मला वाटलं, आणि साका ओतला. बाहेरून कोमट होती, आत कढत होतं; साका शिजून मेला. तीन दिवस बरणी गप्प राहिली. चौथ्या दिवशी फडकं काढलं तर आंबूस, नासका वास. मोरीत ओतलं. त्या मोरीने आमचं बरंच पाहिलं होतं.

बाटलीतला सगळा साका मी ओतला नव्हता, अर्धा पेल्यात झाकून ठेवला होता. तो काकाचा प्रयोगशाळेतला धडा. "नमुना कधी सगळा वापरायचा न्हाई. अर्धा ठिवायचा. माणसाला चुकायला जागा पायजे." पण आता खरोखर तेवढाच होता.

"परत कर," आई म्हणाली.

"आन् परत बिघडलं तर?"

"तर कळंल तरी. न करता काय कळणार हाय?"

या वेळी मी बरणीला हात घातला नाही. आधी जॅमच्या रिकाम्या बाटलीत थोडं गोडं पाणी घेतलं, मनगटावर थेंब टाकून बघितलं, बाळाचं दूध बघतात तसं, आणि साका त्यात सोडला. एक दिवस काही नाही. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला जाताना त्या बाटलीपाशी थांबलेले मला दिसले. मी दिसल्यावर ते टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले.

चौथ्या सकाळी मी दप्तर घेऊन निघाले होते. सवयीने वाकून बघितलं. काचेच्या कडेने एक बुडबुडा वर आला. मी बसले. दुसरा आला. मग कडेला फेसाची बारीक वेल दिसली, आणि कान लावला तर आवाज येत होता, अगदी हळू, कोणी दूर पापड मोडावा तसा. मी आईला हाक मारली नाही, ती आधीच मागे येऊन उभी होती. पीठ लागलेला हात तिने माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढायचं विसरली. त्या दिवशी तासाचं दार बंद झाल्यावर मी पोचले. बाहेर पायरीवर बसून राहिले. आत काय शिकवलं ते मला कळलं नाही, पुढे परीक्षेतही कळलं नाही, आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

बरणी भरली. घरभर वास. खोलीतल्या एका मुलीचे वडील चाकूरहून भेटायला आले आणि दारातच थबकले.

"मावशी, काय नासलंय का काय?"

"नासलं न्हाई. लेकीच्या लग्नाची तयारी चाललीय," आई म्हणाली आणि त्यांना गोड्या पाण्याचं फुलपात्र दिलं, आमच्यासाठी वेगळं ठेवलेलं. त्यांनी ते एका दमात संपवलं.

"आंबील हाय व्हय? लई गोड हाय. आमच्या चाकुराला असली करत न्हाईत."

"चाकुराला नानाभावजी नव्हते."

दीड वर्षात आईच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघालं, तेही चाकूरच्या पाहुण्यापुढे. तिने दुसरं फुलपात्र भरून दिलं.

बुचांसाठी रशीदचाचा स्वतः यंत्र घेऊन आले. पाठ करून बसले. मी दांडा दाबत होते, एकदाही ते काही बोलले नाहीत. शेवटची बाटली झाल्यावर मीच विचारलं, "चाचा, कोई ढीला नहीं?"

"एक भी नहीं," ते म्हणाले. पाठ तशीच होती. "नाना का हाथ है तेरे को."

लग्न झालं. लोकांचा दिवस लोकांसारखा गेला. मांडवपरतणीला ताई आणि भाओजी आले, आणि त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गच्चीवर सतरंजी अंथरली. चौघी मुली परीक्षा होऊन गावी गेल्या होत्या. शेंगदाणे भाजले. रशीदचाचांसाठी त्यांच्याच दुकानातला सोडा, लिंबू पिळून. बाबा सगळ्यांत शेवटी जिना चढून आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मी पाना त्यांच्या हातात दिला. तो देण्याचं धाडस कुठून आलं सांगता येणार नाही. मोरीवर अकरा बाटल्या उघडलेला तोच हात होता.

बाबांनी बाटली हातात घेतली. चिठ्ठी वाचली. मी माझ्या अक्षरात 'ताईचं लग्न' लिहिलं होतं, काकासारखा वळणदार 'त' काढून. मग बूच उघडलं. फट् असा आवाज झाला आणि फेस त्यांच्या बोटांवरून खाली आला, आणि गच्चीवर आधी ताईने, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी तशाच. बाबांनी पेल्यात ओतून एक घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"नानाचं जरा जास्त कडू असायचं," ते म्हणाले.

मग पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला. तेव्हा आई रडली. मीही. बाबांनी तिच्याकडे बघून विचारलं, "बारावी फुटली नव्हती तर?"

"दीड वर्ष कोथिंबीर खात होता न्हवं वरणावर? कशापायी उगवत होती वाटलं?"

बाबा हसले. भाओजींना काही कळलं नाही, त्यांना ताईने सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि बाबा मध्ये मध्ये दुरुस्त करत होते. नानाने असं केलं नव्हतं, नानाने तसं केलं होतं. अंधार पडेपर्यंत ते नानाबद्दल बोलत राहिले. खाली जाताना शेवटची बाटली त्यांनीच उचलली, चिठ्ठी आहे ना बघितलं आणि डोणीत गळ्यापर्यंत पुरून वर तांब्याभर पाणी घातलं.

त्यानंतर किती चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. माझी पदवी. ताईची मुलगी. बाबा निवृत्त. लातुरात पाणी रेल्वेने येत होतं त्या उन्हाळ्यात मिळालेल्या पाण्यातून आईने दोन बाटल्यांपुरती छोटी खेप केली होती, विरजण मरू नये म्हणून. त्यांतल्या एकीवर तिने 'काही नाही, असंच' असं लिहिलं होतं. घरात फ्रीज आल्यावर डोणीची गरज संपली, तरी आई वाळूत कधीमधी पाणी घालायची. 

घर आवरताना शेवटी मी फ्रीज रिकामा केला. दाराच्या खालच्या कप्प्यात एक बाटली होती, बूच सरळ बसलेलं, चिठ्ठीवर आईचं थरथरतं अक्षर. आईने उभ्या आयुष्यात घोटभरही घेतली नाही. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून मी बसने नांदेडला माझ्या घरी आले.

माघात ताईच्या मुलीचं लग्न आहे. ज्वारी आणून ठेवली आहे. बाटली माझ्या फ्रीजमध्ये उभी आहे, आणि तिच्यावर 'पुढचं' असं लिहिलेलं आहे.